परदेशस्थ कथालेखक आणि घरचीं माणसें

परदेशीं राहून स्वदेशीं कथा छापवून घेणें ही गोष्ट आतां दिसावयास सोपी झाली आहे. आमचा पुतण्या गेलीं बारा वर्षें विलायतेंत लीड्स येथें आहे. पोटाचा उद्योग यंत्रांचा. पण रात्रीं मराठी कथा लिहितो, आणि त्या पुण्यांतच छापून याव्या हा त्याचा हट्ट. त्याचा मजकूर संगणकावरून संपादकांकडे क्षणांत पोंचतो. खरी अडचण त्यापुढची. कथा वाचली जाते येथें, आणि वाचणारांच्या शेजारीं राहावयाचें असतें आम्हांस.

या बाबतींत आम्हांस जेम्स जॉईस या आयरिश ग्रंथकाराची वारंवार आठवण होते. हा गृहस्थ १९०४ च्या ऑक्टोबरांत डब्लिन सोडून गेला, आणि पुढें त्रिएस्त या तेव्हांच्या ऑस्ट्रियन बंदरांत इंग्रजी शिकवून राहूं लागला. (मास्तरकी आणि दारिद्र्य यांचा स्नेह तिकडेही आहेच!) देह तेथें, मन मात्र डब्लिनांत. १९०५ मध्यें घरीं असलेल्या भावाला तो पत्रानें विचारतो कीं, पाद्र्याला धर्मवस्त्रांसह पुरतात काय, नगरपालिकेची निवडणूक ऑक्टोबरांत होऊं शकते काय, अमुक भागांतील पोलीस कोणत्या विभागाचे. कल्पित कथेला एवढी चिकित्सा कशास? आमचे मतें, जें प्रत्यक्ष दिसत नाहीं तें लिहावयाचें तर बारीक तपशिलाचाच आधार असतो. आमच्या पुतण्यानेंही विचारलें होतें, “काका, वाड्याच्या मागच्या दाराला पायऱ्या पांच कीं सहा?” तो वाडा केव्हांच पडला. आम्हीं डोळे मिटून मोजल्या; सहा.

जॉईसच्या ‘डब्लिनर्स’ या कथासंग्रहाचें काय झालें तें ऐकण्यासारखें आहे. लंडनच्या एका प्रकाशकानें १९०६ मध्यें करार करून माघार घेतली. १९०९ मध्यें डब्लिनच्या मॉन्सेल कंपनीनें तो स्वीकारला. पण कथांत खरीं दुकानें आणि खरे गुत्ते नांवानिशीं आलेले, शिवाय सातव्या एडवर्ड राजाविषयीं पात्रांच्या तोंडीं अनादराचे शब्द. हें गाळा, तें बदला, असें तीन वर्षें चाललें. १९१२ मध्यें तो स्वतः डब्लिनास येऊन भांडला, तों मुद्रकानें छापलेले फर्मेच नष्ट केले! एक संच कसाबसा हातीं लागला, तो घेऊन तो परतला, तो पुनः मायभूमीस गेलाच नाहीं. पुस्तक १९१४ मध्यें निघालें, तेंही लंडनास, त्याच पहिल्या प्रकाशकाकडून.

आतां आमच्या घरचें. पुतण्याच्या नव्या कथेंत एक बालविधवा आत्या आहे. शिवणकाम करून तिनें पैसे सांठविले, वहींत पैन् पैचा हिशेब ठेविला, आणि ते पैसे भावांनीं तिला न विचारतां घेतले. आमच्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या मातोश्रींनीं, कथा वाचली आणि त्या म्हणाल्या, “भावजी, नांवें बदललीं म्हणून काय झालें? सारें गोत ओळखील. तो बसला आहे तिकडे. लग्नकार्यांत तोंड दाखवायचें आपल्याला.”

वहिनींचें म्हणणें खोटें नव्हे. आम्हीं तें जसेंच्या तसें कळविलें. त्यानें गांव बदललें, आळी बदलली; पैशांचा प्रसंग मात्र काढावयास तो तयार होईना. आम्हांस त्याचेंच योग्य वाटतें. घरीं राहिलेल्यांपैकीं कोणी हें लिहिलें नसतें. रोज त्याच पंक्तीला बसणारास तें साधत नाहीं.

मुद्रितें तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. ऱ्हस्वदीर्घ पाहतां पाहतां त्या पानाशीं आलों. भाऊ पैसे नेतात, आणि आत्याबाई वही मिटून ठेवितात, एवढेंच तेथें आहे. एक वेलांटी चुकली होती, ती सुधारली आणि पान उलटलें.

अंक दिवाळीला निघेल. वहिनींनीं एक प्रत मागवावयास सांगितली आहे. वाचीन असें मात्र म्हणाल्या नाहींत.