सांगलीचं चाक, साताऱ्याचा घाट

"कार्बनची चाकं टिकतात किती?" माझ्या सायकलला ती लागल्यापासून हा प्रश्न मला ऑफिसात, जिममध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतही विचारला गेलाय. माझं उत्तर ठरलेलं. तुम्ही राहता कुठं?

हसू नका, सीरियसली सांगतोय. मी सांगलीचा. आमच्याकडे सगळा सपाट कृष्णाकाठ. सकाळी हरिपूरच्या रस्त्याला लागायचं, उसाच्या ट्रॉल्यांना वाट द्यायची आणि परत यायचं. ब्रेक करकचून दाबायची वेळ येते ती म्हैस आडवी आली तरच! इथं कार्बन रिमला भीती खड्ड्याची, ब्रेकची नाही.

माझा मावसभाऊ साताऱ्याचा. त्याचा रविवार म्हणजे यवतेश्वरचा घाट आणि पुढे कास. शहरापेक्षा पठार चारशेहून जास्त मीटर उंच. चढताना हलकी चाकं म्हणजे स्वर्ग. खरी गोष्ट उतरताना कळते.

माझी चाकं रिम-ब्रेकची, म्हणजे ब्रेकचे रबर थेट रिमच्या कडेला घासतात. हिशोब बघा. सायकल धरून 80 किलोचं वजन फक्त ब्रेकच्या जोरावर 100 मीटर खाली उतरवलं, तर दोन कप चहाचं पाणी उकळेल इतकी उष्णता तयार होते. ॲल्युमिनियम ती झटकन पसरवतं आणि हवेत सोडतं. कार्बनला ते जमत नाही. त्याचे धागे दणकट, पण त्यांना एकत्र धरून ठेवतं इपॉक्सी रेझिन, आणि ते ठरावीक तापमानापुढे मऊ पडतं. त्यात ट्यूबमधली हवा तापून दाब वाढलेला असतो. मग रिमची कड बाहेर फुगते, थर सुटतात... भर उतारावर पुढच्या चाकाचं असं झालं तर काय, ते लिहायला नको.

पावसाळ्यात आणखी एक दुखणं. ओल्या कार्बनवर ब्रेक उशिरा पकडतो. वर कासची जांभ्याची लाल माती रबरात रुतली, की प्रत्येक ब्रेक म्हणजे रिमवर पॉलिश पेपर!

गेल्या सप्टेंबरात भावाचा फोन आला. "दादा, फुलं आलीत. रविवारी ग्रुप कासला चाललाय. तुझी चाकं दे ना." मी नाही म्हणालो. गडी वजनानं माझ्यापेक्षा भारी आणि अख्खा घाट ब्रेक धरून उतरणारा. तो दोन आठवडे बोलला नाही. मग मावशीचा फोन. "एवढी दोन चाकं जास्त झाली का रे तुला?" आता मावशीला रेझिन कसं समजवायचं? म्हटलं, "चाकांचं काही नाही गं मावशी. मला तो अख्खा घरी यायला हवाय."

दिवाळीत तो सांगलीला आला, तेव्हा त्याला माझ्या मिस्त्रींकडे नेलं. तिथं घाटात झिजलेली एक जुनी ॲल्युमिनियमची रिम पडली होती. मिस्त्रींनी तिच्या कडेवर स्टीलची पट्टी उभी धरली, तर पट्टीखालून उजेड दिसला. मग माझ्या चाकावर धरली, फट नाही. "ह्ये घाटातलं, ह्ये गावातलं," एवढंच बोलले. पठ्ठ्या गप्प झाला.

तुम्ही नवी सायकल घेणार असाल तर सरळ डिस्क-ब्रेकची घ्या. त्यात ताप डिस्कला, रिमला नाही. जुलै 2018पासून व्यावसायिक रोड रेसमध्येही डिस्कला पूर्ण मुभा आहे. जुनी रिम-ब्रेकची कार्बन चाकं असतील, तर रबर कार्बनचेच वापरा. ॲल्युमिनियमवर वापरलेले चालणार नाहीत, त्यात अडकलेले धातूचे कण रिमला ओरखडतात. लेटेक्सची ट्यूब टाळा. उतारावर ब्रेक धरून ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा, सोडा, रिमला गार होऊ द्या. आणि महिन्यातून एकदा कडेवर पट्टी धरून बघा. खोलगट, फुगीर किंवा चिरलेलं काही दिसलं, तर ते चाक भिंतीवर टांगायला छान दिसतं!

मी आता साताऱ्याला निघालो, की साधी ॲल्युमिनियमची चाकं चढवतो. यवतेश्वरच्या चढावर भाऊ पुढे जातो आणि वर थांबून मला चिडवतो. चिडवू दे. उतरताना आम्ही दोघं बरोबर असतो.