कागदी कपातला चहा

पहिल्या वेळी मी ४७ स्लाइड घेऊन गेले होते. केंद्रातल्या शाळांचे शिक्षक महिन्याच्या शिक्षण परिषदेला जमलेले. विषय होता चीन, जपान आणि कोरियाचा इतिहास वर्गात कसा आणायचा. मी शांग घराण्यापासून सुरुवात केली. हान, तांग, सुंग, मिंग, मग जपानचे शोगुन, मग कोरियाचे राजे. सगळ्यांनी निमूट ऐकून घेतलं. हजेरीपत्रकावर सह्या झाल्या. चहाच्या वेळी पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "छान झालं हो मॅडम. पण माझी पोरं अजून जालन्याच्या पुढं गेली नाहीत. त्यांना मिंग घराणं कुठून दाखवू?"

मला काही बोलता आलं नाही. नुसती हातातल्या कपाकडे बघत राहिले. उत्तर त्या कपातच होतं; सुचलं मात्र घरी जाताना, बसमध्ये. चहा चीनचा, त्याचं नाव चीनचं, आणि ज्या कागदी कपात तो दिला होता तो कागदही मुळात चीनचा.

तेव्हापासून माझ्या बैठकीत चहा आधी येतो. कप हातात आले की मी एवढंच विचारते, "आज सकाळपासून चीन-जपानचं काय काय हाताळलंत?" आधी मोबाइलची नावं येतात. मग कोणीतरी चिनी मातीची बरणी काढतं. बसथांब्यापासून शाळेपर्यंत रिक्षाने आलेल्या गुरुजींना मी सांगते की त्यांचं वाहनही यादीत आहे. 'जिनरिकिशा' हा मूळ जपानी शब्द: जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. आपण तिला इंजिन बसवलं, पुढचा 'जिन' गाळला आणि नाव ठेवलं रिक्षा.

कागदासाठी तर लांब जावंच लागत नाही. चीनमध्ये त्साय लुन याने इ. स. १०५ मध्ये कागद बनवण्याची सुधारलेली रीत सम्राटापुढे मांडली. आठव्या शतकात ही विद्या समरकंदला पोचली आणि मध्य आशियातून हिंडत दख्खनमध्ये उतरली. दौलताबादहून खुलताबादला जाताना लागणारं कागजीपुरा हे गाव हातकागदाचं. हा उद्योग इथे तुघलकाने राजधानी हलवली तेव्हापासूनचा, असं गावात सांगतात. सहावीच्या इतिहासात 'प्राचीन भारत आणि जग' हा धडा आहे. तो शिकवताना कागजीपुऱ्याचा एक जाडसर, खरखरीत ताव वर्गात फिरवला, तर माझ्या त्या ४७ स्लाइड तशाच पडून राहिल्या तरी चालतील.

प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा मात्र वेगळा पेच होता. त्यांना इतिहास शिकवायचाच नव्हता, अक्षरं शिकवायची होती. पुढच्या परिषदेत मी त्यांना फळ्यापाशी बोलावलं आणि जपानी वर्णमाला नागरीत लिहायला सांगितली. स्वर: अ, इ, उ, ए, ओ. व्यंजनं: क, स, त, न, ह, म, य, र, व. लिहून झाल्यावर त्या मागे सरकून फळ्याकडे बघत राहिल्या. "हे तर आपल्याच क्रमाने आहे की!" जपानी भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकत, त्यांच्या अभ्यासातून हा क्रम तिथे रुजला. 'च'च्या जागी 'स' आहे आणि 'प'च्या जागी 'ह', कारण जुन्या जपानीत 'ह'चा उच्चार 'प'जवळचा होता. ट-वर्ग नाही, कारण ते ध्वनीच त्या भाषेत नाहीत. "म्हणजे माझ्या पोरांना हे पाठ करायला दोन मिनिटं लागतील," बाई म्हणाल्या. त्यांना एकच मिनिट लागलं.

पण मुलं आपण आखलेल्या वाटेने येतातच असं नाही. छत्रपती संभाजीनगर शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ मध्ये मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? मुलांनी जपानी निवडली. कारण बुद्ध नव्हता, अजिंठा नव्हता, रोबो होता. हे वाचलं तेव्हा मला जरा वाईट वाटलं आणि पाठोपाठ स्वतःचं हसू आलं. मी अजिंठ्याच्या दारातून आत न्यायला बसले होते, मुलं रोबोच्या खिडकीतून आधीच आत शिरली होती. आता मी शिक्षकांना सांगते, मुलं कुठून आत आली आहेत ते आधी बघा. डोरेमॉन असेल, कोरियन गाणी असतील. त्या दाराला नावं ठेवू नका.

तरी अजिंठा टाळून चालत नाही, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात. एकदा मी शिक्षकांना घेऊन पहिल्या लेण्यात उभी होते. पद्मपाणीसमोर मी सांगत होते: हा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. चीनमध्ये तो ग्वानयिन झाला, हळूहळू पुरुषरूप सोडून स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. जपानमध्ये त्याचं नाव कान्नोन. १९३४ मध्ये तिथल्या एका लहान कारखान्याने आपल्या पहिल्या कॅमेऱ्याच्या नमुन्याला 'क्वानोन' नाव दिलं, त्यातूनच पुढे 'कॅनन' हे नाव आलं. आमच्यातल्या एका सरांच्या गळ्यात तोच कॅमेरा होता. सगळे हसले. तेवढ्यात मागून कोणीतरी समाधानाने म्हणालं, "म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलंय."

हे वाक्य मला प्रत्येक परिषदेत ऐकू येतं, आणि त्याला खतपाणी मीच घातलेलं असतं. ध्यानाचं चीनमध्ये चान झालं आणि जपानमध्ये झेन. सरस्वती बेंझाइतेन झाली, गणपती कांगितेन झाला. हे सांगायला सोपं आहे, ऐकणाऱ्याची छातीही फुगते. पण एवढंच सांगून थांबलं तर मुलं जपान शिकतच नाहीत, स्वतःचंच प्रतिबिंब बघून परत येतात. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: गेलेली एक गोष्ट सांगितली की आलेली एक सांगायची. ध्यान गेलं, कागद आला. आणि गेलेली गोष्ट तिथे कशी बदलली तेही सांगायचं. अवलोकितेश्वराचं ग्वानयिन होण्यात चिनी बायकांच्या किती पिढ्यांची प्रार्थना आहे, ते आपलं देणं नव्हे.

दुसरी चूक मी केली नाही, पण माझ्यादेखत झाली. एका शाळेची सहल आली होती. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी दगडी हत्तींची जोडी आहे, तिथे मुलं रेंगाळली होती. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या युआन श्वांग या चिनी यात्रेकरूने दाराशी दोन दगडी हत्ती असलेल्या एका विहाराचं वर्णन केलं आहे, आणि तो हाच असावा, असं अभ्यासक मानतात. मी तेच सांगत होते. तेवढ्यात समोरून एक कुटुंब आलं आणि दोन-तीन मुलं ओरडली, "ए चिनी, चिनी!" कुटुंबातली मुलगी थांबली आणि स्वच्छ हिंदीत म्हणाली, "हम मणिपुर से हैं।"

त्या वर्गाच्या सरांनी मुलांना रागावलं नाही. तिथेच खाली बसवलं आणि विचारलं, "युआन श्वांग आपल्याकडे आला तेव्हा त्याला आपण काय म्हणून हाक मारली असेल?" कोणी बोललं नाही. "त्याने मात्र आपल्याबद्दल लिहून ठेवलंय की इथली माणसं उपकार विसरत नाहीत." सर इतकंच म्हणाले. त्या दिवशी मी वहीत काही लिहिलं नाही, पण शिक्षकांना मदत करण्याबद्दल जे काही मला कळलं आहे, त्यातलं बरंचसं त्या दोन वाक्यांतून कळलं आहे. माहिती माझी होती. ती कधी आणि कोणासमोर काढायची, ते त्यांना ठाऊक होतं.

त्याच सरांना मी नंतर होर्युजीची गोष्ट दिली. जपानमधल्या नारा परिसरातलं हे मंदिर. तिथल्या मुख्य सभागृहाच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीची चित्रं होती, आणि त्यातले बोधिसत्त्व पाहून अजिंठ्याची आठवण होते, असं कित्येकांना वाटत आलं आहे. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून भारतात आलेला चित्रकार अराई काम्पो अजिंठ्यात बसून चित्रं उतरवून घेत होता. तोच पुढे १९४० मध्ये होर्युजीच्या भिंती उतरवायला बसला. १९४५ मध्ये तो गेला, काम अर्धवट राहिलं. त्यानंतर २६ जानेवारी १९४९ ला त्या सभागृहाला आग लागली आणि चित्रं करपली. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. १९५५ पासून दर २६ जानेवारीला तिथल्या मंदिरांत आग विझवण्याची कवायत होते.

यंदा २६ जानेवारीला दुपारी सरांचा फोन आला. झेंडावंदनानंतर त्यांनी पाच मिनिटांत ही गोष्ट सांगितली होती. आपण इकडे संचलन करतो त्याच दिवशी तिकडे देवळांवर पाण्याचे फवारे उडतात, हे मुलांना फार आवडलं. मग सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, त्यांनी येऊन आपली चित्रं उतरवली. त्यांची चित्रं बघायला आपलं कोण गेलं?"

"काय सांगू, मॅडम?"

नाव माझ्या ओठांवर आलं होतं. तरुणपणी अजिंठ्याच्या प्रती करणारे नंदलाल बोस १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर चीन आणि जपानला गेले होते. माझ्याकडे त्यावर स्लाइडही आहे.

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"शोधू या म्हणालो."

"मग शोधा," मी म्हटलं. "आणि पुढच्या परिषदेत ते तुम्ही सांगा. चहा मी आणते."