प्लिमथचा उपरा धोंडा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बोस्टन शहराच्या दक्षिणेस सुमारें ४० मैलांवर, प्लिमथ नांवाचें एक जुनें बंदराचें गांव आहे. तेथें समुद्राच्या अगदीं कांठाशीं दगडी स्तंभांचा एक भव्य मंडप उभा आहे. आंत शिरल्यावर, गाभाऱ्यांत देव शोधावा तसे यात्रेकरू इकडेतिकडे पाहूं लागतात. परंतु समोर कांहींच नसतें. कठड्यावरून खालीं वांकावें तेव्हां खोलगट चौकांत वाळूवर बसलेला करड्या रंगाचा एक धोंडा दृष्टीस पडतो. त्याच्यावर १६२० हा आंकडा कोरलेला आहे आणि अंगावरून सांधा भरल्याचा एक लांबलचक व्रण गेला आहे. भरतीच्या वेळीं समुद्राचें पाणी जाळीवाटे आंत येऊन त्याला शिवून जातें. ‘एवढासाच कां तो?’ असें म्हणून बहुतेक माणसें परत फिरतात. वेशीवरच्या शेंदऱ्या धोंड्याचें माप आपल्याकडे कोणी घेत नाहीं. पण ज्याला एका राष्ट्राचा पायाचा दगड म्हणून पाठ्यपुस्तकांतून मिरवलें, त्याच्या आकाराविषयीं लोकांची कांहीं अपेक्षा असावी, हेंही साहजिकच आहे.

१६२० सालीं ‘मेफ्लॉवर’ नांवाच्या गलबतांतून १०२ उतारू इंग्लंड सोडून निघाले. त्यांत इंग्लंडच्या राजमान्य धर्मपीठाशीं न पटल्यामुळें देशत्याग केलेलीं कुटुंबें होतीं. हे लोक या धोंड्यावर पाय ठेवून नव्या जगांत उतरले, अशी परंपरा आहे. त्यांच्या धर्मपंथाशीं आपलाही एक दूरचा संबंध येतो. १८१३ सालीं मुंबईस येऊन राहिलेले अमेरिकन मिशनरी मॅसॅच्युसेट्समध्यें स्थापन झालेल्या, त्याच पंथपरंपरेंतील मंडळानें पाठविलेले होते. आणि १८४२ मध्यें अहमदनगराहून ‘ज्ञानोदय’ काढणारें मिशनही तेंच.

परंतु धोंड्याची स्वतःची कथा मेफ्लॉवरच्या फार पूर्वींची आहे. तो ज्या ग्रॅनिटवर्गीय खडकाचा आहे, त्याचें वय ६० कोटि वर्षांच्या घरांत जातें. ज्या जमिनीवर तो पडला आहे ती मात्र रेती, गोटे आणि गाळ यांची. अशा भुसभुशीत जागीं हा कठीण धोंडा आला कोठून? सुमारें २० हजार वर्षांपूर्वीं उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाच्या जाड थराखालीं दडपलेला होता. हा थर स्थिर नव्हता. स्वतःच्याच भारानें तो मंदगतीनें दक्षिणेकडे सरकत होता आणि वाटेंतील डोंगरांचे तुकडे उपटून आपल्या उदरांत घेऊन चालला होता. पुढें हवा ऊब धरूं लागली, बर्फ वितळलें आणि ज्याचें ओझें जेथें सुटलें तेथेंच तें राहिलें. अशा दगडांना भूगर्भशास्त्रज्ञ ‘भटके’ अशा अर्थाचें नांव देतात. मला आपला ‘उपरा’ हा शब्द अधिक बरा वाटतो.

सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसाचा. त्या हिमयुगाचें बर्फ आपल्या पठारावर कधींच आलें नाहीं, म्हणून असले पाहुणे आपल्याकडे दिसत नाहींत. मात्र त्याहून कितीतरी प्राचीन, सुमारें ३० कोटि वर्षांपूर्वींच्या एका हिमयुगाच्या खुणा चंद्रपूर जिल्ह्यांत पैनगंगेच्या कांठीं इरई येथें आहेत. तेथील चुनखडीवर, बर्फाखालीं सांपडलेल्या गोट्यांनीं ओढलेले ओरखडे आढळले आहेत.

आतां मनुष्यांच्या कथेकडे वळूं. मेफ्लॉवरचे लोक प्रथम प्लिमथला उतरलेच नव्हते. नोव्हेंबरमध्यें त्यांचें गलबत कॉड भूशिराच्या टोकाशीं लागलें आणि पहिलें पाऊल तेथें पडलें. प्लिमथच्या किनाऱ्यास त्यांची एक लहान टेहळणी तुकडी डिसेंबरमध्यें होडीनें पोंचली. शिवाय त्या मंडळींपैकीं विल्यम ब्रॅडफर्ड व एडवर्ड विन्स्लो यांनीं त्या दिवसांची तपशीलवार हकीकत लिहून ठेवली आहे. तींत वारा आहे, थंडी आहे, ओढे आहेत, पण धोंड्याचें नांव नाहीं.

धोंडा बोलूं लागला तो १७४१ सालीं, म्हणजे १२१ वर्षांनीं! त्या वर्षीं किनाऱ्यावर धक्का बांधण्याचें ठरलें. ही वार्ता तीन मैलांवर राहणाऱ्या थॉमस फॉन्स या ९४ वर्षांच्या वृद्धाच्या कानीं गेली. त्याला खुर्चींत बसवून किनाऱ्यावर आणण्यांत आलें. त्यानें बोट दाखवून सांगितलें, ‘आमचे वाडवडील उतरले तो खडक हाच.’ आणि म्हणतात कीं, त्याचा निरोप घेतांना म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून आंसवें वाहूं लागलीं. त्याचा बाप १६२३ सालीं आलेला, म्हणजे तोही प्रत्यक्ष साक्षीदार नव्हे. पण लहानपणीं त्यानें मूळच्या मंडळींपैकीं कांहीं वृद्धांना पाहिलें होतें, त्यांच्या तोंडून ऐकलें होतें. न्यायालयांत असला पुरावा टिकणार नाहीं. तरी घरांतील आजोबांनीं पणजोबांची गोष्ट सांगितली तर आपण दस्तऐवज मागतों काय? फॉन्सला मी खोटा म्हणणार नाहीं. गांवानें मात्र धक्का बांधलाच. धोंड्याचा माथा तेवढा वर उघडा ठेवला.

यापुढें धोंड्याचे खरे हाल सुरू झाले, आणि ते त्याच्या भक्तांनींच केले. १७७४ मध्यें इंग्रज राजाविरुद्ध वातावरण तापलें असतां, हें स्वातंत्र्याचें दैवत गांवाच्या चौकांत नेऊन बसवावें असें उत्साही नागरिकांच्या मनांत आलें. बैलांच्या जोड्या जुंपल्या. धोंडा उचलतां उचलतां मधोमध दुभंगला. हा इंग्लंड व अमेरिका यांच्या ताटातुटीचा शुभशकुनच, असें लोकांनीं ठरवून टाकलें! खालचा भाग धक्क्यांत राहिला, वरचा चौकांत गेला. ४ जुलै १८३४ रोजीं हा वरचा भाग पिल्ग्रिम हॉल या स्मारकगृहाकडे मिरवीत नेतांना गाडीवरून पडला आणि पुन्हां फुटला. तो सांधा अद्याप दिसतो.

हातोडी व छिन्नी घेऊन येणाऱ्यांनीं तर कहर केला. जो तो एक कपची घरीं घेऊन जाई. १८३५ सालीं फ्रेंच ग्रंथकार तॉकव्हील यानें या धोंड्याचे तुकडे अमेरिकेंतील अनेक शहरांतून भक्तिभावानें जपलेले पाहिल्याचें नमूद केलें आहे. ब्रुकलिनच्या एका चर्चमध्यें एक तुकडा आहे, वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयांतही आहेत. मूळच्या धोंड्याचा निम्म्याहून बराच कमी भाग आज मंडपांत उरला असावा, असा जाणत्यांचा अंदाज आहे. १८८० मध्यें दोन्ही भाग किनाऱ्यावर एकत्र आणून सांधले व त्यावर १६२० हा आंकडा कोरला. हल्लींचा मंडप १९२१ सालचा.

बोस्टनजवळ केंब्रिजच्या स्मशानभूमींतही एक असाच धोंडा आहे. हिमयुगाचा सिद्धान्त १८३७ मध्यें हिरीरीनें मांडणारा स्विस शास्त्रज्ञ लुई अगासी १८७३ सालीं तेथें वारला; त्याच्या थडग्यावर आल्प्समधील आर हिमनदीवरचा दगड मुद्दाम आणून ठेवला आहे. तो कोठला, कोणी आणला, कशासाठीं आणला, हें सर्वांस ठाऊक. म्हणून त्याच्यावरून तंटाही नाहीं. प्लिमथच्या धोंड्याचें तसें नाहीं.

कारण ती जागा ओसाड नव्हती. तेथें वाम्पानोआग लोकांचें पटक्सेट नांवाचें गांव होतें. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान, युरोपियनांच्या संसर्गानें आलेली म्हणून समजली जाणारी सांथ किनाऱ्यावर पसरली आणि गांव निर्मनुष्य झालें. नवागतांना जीं शेतें आयतीं मोकळीं मिळालीं तीं या मृतांचीं. पहिल्याच हिंवाळ्यांत नवागतांपैकींही जवळजवळ निम्मे दगावले. धोंड्यासमोरच्या कोल्स हिल या टेकडीवर त्यांना पुरलें. मॅसॅसॉइट या वाम्पानोआग प्रमुखानें १६२१ मध्यें त्यांच्याशीं तह केला व तो निभावला. त्याचा पुत्र मेटाकॉम १६७५-७६ च्या युद्धांत मारला गेला आणि त्याचें शीर प्लिमथमध्यें खांबावर कित्येक वर्षें टांगलेलें होतें. आगमनाची खूण म्हणून गांवानें धोंडा जपला, तोही उपराच. मूळच्या रहिवाशांसाठीं मात्र तीनशें वर्षें तेथें एक खडाही कोणी उभा केला नाहीं.

१९२१ मध्यें कोल्स हिलवर मॅसॅसॉइटचा ब्रॉंझचा पुतळा बसला. १९७० सालीं, ३५० व्या वर्षाच्या समारंभांत बोलण्यास वाम्पानोआग समाजाचे फ्रँक जेम्स यांना निमंत्रण होतें. परंतु त्यांचें लिखित भाषण आधीं पाहून चालकांनीं नापसंत केलें. तेव्हां नोव्हेंबरांतील आभारदिनाच्या दिवशीं त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं टेकडीवर, त्या पुतळ्यापाशीं सभा भरविली आणि खालीं जाऊन धोंडा वाळूनें झांकून टाकला. तेव्हांपासून दरवर्षीं त्या दिवशीं, घरोघरीं मेजवान्या चालू असतां, टेकडीवर शोकदिन पाळला जातो. १९९७ मध्यें त्या प्रसंगीं पोलिसांशीं झटापट होऊन धरपकड झाली. पुढील वर्षीं तडजोड झाली आणि तिच्या अटींप्रमाणें, या शोकदिनाचें कारण सांगणारी एक पाटी मॅसॅसॉइटच्या पुतळ्याजवळ लावण्यांत आली.