असीसीचा निष्कांचन

रोमहून उत्तरेकडे आगगाडीनें दोन-अडीच तास गेलें म्हणजे उंब्रिया प्रांतांतील असीसी हें गांव लागतें. गांव सुबासियो पर्वताच्या उतारावर, तर स्टेशन खालीं मैदानांत. गुलाबी-पांढऱ्या दगडांचीं तीं घरें दुरून एकाद्या किल्ल्याच्या तटासारखीं दिसतात. बहुतेक प्रवासी स्टेशनाबाहेर येतांच डोंगरावर जाणाऱ्या मोटारींत चढतात. आम्हींही तेंच केलें असतें. परंतु आमच्याजवळ पेट्या दोन आणि पिशव्या तीन. त्या ठेवण्याची सोय पाहतां पाहतां आम्ही ‘देवदूतांची मारिया’ या नांवाच्या खालच्या ख्रिस्तमंदिराशीं येऊन पोहोंचलों. ही अडचण आमच्या पथ्यावरच पडली.

मंदिर प्रचंड आहे. १५६९ सालीं त्याच्या बांधकामास आरंभ झाला, तें पुरें व्हावयास १६७९ साल उजाडलें. आंत पाऊल टाकतांच दृष्टि घुमटाकडे जाते, आणि तेथून खालीं उतरते ती एका लहानशा दगडी देवळीवर. मोठ्या मंदिराच्या पोटांत हें लहान मंदिर! आमच्या कोंकणांतील ग्रामदेवतेचा गाभारा असावा, तेवढेंच कायतें. हीच पोर्त्सियुंकोला, नांवाचा अर्थच मुळीं ‘लहानसा तुकडा’. १८३२ च्या भूकंपांत मोठ्या मंदिराचा मधला भाग कोसळला. ही देवळी मात्र जशीच्या तशी उभी राहिली.

याच ठिकाणीं एके दिवशीं संत फ्रान्सिसानें मत्तयकृत शुभवर्तमानांतील तो भाग ऐकला, ज्यांत ख्रिस्त आपल्या शिष्यांस प्रवासाचे नियम सांगतो: सोनें-रुपें घेऊं नका, झोळी नको, दुसरा अंगरखा नको, वहाणाही नकोत. फ्रान्सिसानें त्याचा लाक्षणिक अर्थ शोधला नाहीं. त्यानें तेथल्या तेथें वहाणा काढल्या व कमरेच्या पट्ट्याऐवजीं दोरी बांधली. आमच्या पेट्या नुकत्याच एका दुकानांत भाडें भरून ठेविल्या होत्या, हें सांगितलेंच आहे.

ही देवळी बेनेडिक्टाइन मठाची. फ्रान्सिसाच्या बंधुजनांना ती राहावयास मिळाली, पण त्यानें ती आपली म्हणून घेतली नाहीं. दर वर्षीं मासळीची एक टोपली मूळ धन्यांस भाडें म्हणून पोंचती होई. आपण येथें कुळें आहों, मालक नव्हे, याची ती वार्षिक पावतीच होती.

डोंगरावर चढून गेल्यावर त्याच्या नांवाचें महामंदिर दिसतें. १२२८ सालीं पोपनें त्याला संतपद दिलें आणि दुसऱ्याच दिवशीं याचा पाया घातला. ज्यानें आयुष्यभर घर नको म्हटलें, त्याच्यासाठीं एकावर एक अशीं दोन देवळें! वरच्या देवळांत त्याच्या चरित्राचीं अठ्ठावीस भित्तिचित्रें आहेत. परंपरा तीं जोत्तोच्या नांवावर सांगते. त्यांतील एका चित्रापुढें आम्ही फार वेळ उभे राहिलों.

फ्रान्सिस हा असीसीच्या पिएत्रो बेर्नार्दोने या धनाढ्य कापडवाल्याचा मुलगा. सान दामियानो या पडक्या देवळाच्या दुरुस्तीसाठीं त्यानें बापाचें कापड आणि घोडा फोलिन्योच्या बाजारांत विकला. बापानें त्याला बिशपापुढें उभें केलें. तेव्हां, सुमारें १२०६ सालीं, त्यानें पैसे तर परत दिलेच, पण अंगावरचे कपडेही उतरून दिले. आणि यापुढें आपला पिता एक स्वर्गांतला, असें चारचौघांत सांगितलें. चित्रांत बिशप आपल्या झग्यानें त्याचें अंग झांकीत आहे. मुलाचे हात आकाशाकडे जोडलेले. समोर संतापलेला बाप. त्याचा हात कोणीतरी मागून धरला आहे, आणि दुसऱ्या हातावर मुलाचे कपडे.

“मुलगा गेला आणि कपडे तेवढे हातांत राहिले,” आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या.

येथें इंद्रायणींत कर्जखतें सोडणारे तुकोबा आम्हांस आठवले. पण त्यांचें कौतुक करितांना घरच्या माणसांचे हाल आपण किती सहज ओलांडून जातों! देवास सर्वस्व देणाऱ्याचा हिशेब पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या घरांत भरला जातो. आम्हां संसारी माणसांस त्या बापाची कींव आली, हें कबूल केलें पाहिजे. आणि तरीही, चित्रांत ज्याच्या हातांत कांहीं नाहीं त्याच्याच मुखावर शांति आहे, हें नाकारतां येत नाहीं.

उतारावरून सान दामियानोस गेलों. १२१२ सालीं थोर घराण्यांतील क्लारा ही फ्रान्सिसाच्या मार्गास लागली व पुढें याच मठांत आयुष्यभर राहिली. पोप नवव्या ग्रेगोरीनें तिला इस्टेट देऊं केली. ती तिनें नाकारली, आणि १२२८ मध्यें इस्टेटीवांचून राहण्याचा हक्क त्याच्याकडून लेखी मिळविला. लोक मालकीचे दस्तऐवज करून घेतात. हिनें मालकी नसल्याचा करून घेतला!

सायंकाळीं पुन्हां पोर्त्सियुंकोलेशीं आलों. तिच्यापासून चार पावलांवर ती खोली आहे, जेथें ३ ऑक्टोबर १२२६ रोजीं फ्रान्सिसानें देह ठेविला. शेवटीं त्यानें स्वतःस उघड्या भुईवर निजविण्यास सांगितलें. तेव्हां एका बंधूनें त्याला कपडे देऊन म्हटलें कीं, हे तुझे नव्हेत, केवळ उसने आहेत. हें ऐकून त्याला आनंद झाला. वस्तूंचा त्याला तिटकारा नव्हता. मन सगळेंच्या सगळें एकाला द्यावयाचें, म्हणून तें दुसरीकडे कोठें अडकलेलें नको, एवढेंच.

सामान सोडवून गाडींत बसलों. सौभाग्यवतींनीं विचारलें, “यांतलें काय नसतें तर चाललें असतें?” आम्ही मोजूं लागलों: दुसरा कोट, तिसरी शाल, कधींच न उघडलेलीं पुस्तकें. यादी संपली नव्हती तोंच गाडी थांबली. खिडकींतून पाटी वाचली: फोलिन्यो. येथेंच त्यानें घोडा विकला होता व तो पायीं परतला होता.