शुल्कपत्रकातील एक ओळ

आंतरराष्ट्रीय संबंध आणि आर्थिक धोरण या विषयांत पदव्युत्तर प्रबंध लिहू इच्छिणारी जी मुले माझ्याकडे येतात, त्यांच्या पहिल्या टिपणाचे शीर्षक बहुधा उपखंडाएवढे विस्तीर्ण असते. ‘दक्षिण आशियातील प्रादेशिक एकात्मता : समस्या आणि भवितव्य’ हे शीर्षक मी इतक्या हस्ताक्षरांत वाचले आहे की, टिपण न उघडताच आतला मजकूर सांगता यावा : ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यास सार्कची स्थापना झाली, जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादेस मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारावर सह्या होऊन १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला, नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद भरलेली नाही, आणि सभासद देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो आहे. शेवटी साऱ्या अपयशाचा बोजा भारत-पाकिस्तान वैमनस्यावर टाकून आणि राजकीय इच्छाशक्तीची अपेक्षा व्यक्त करून टिपण समाप्त होते. यात खोटे काही नसते. पण वर्तमानपत्राच्या नियमित वाचकाला जे ठाऊक आहे ते शंभर पृष्ठांत पसरून लिहिल्याने संशोधन होत नाही, आणि ही गोष्ट मुलाचा हिरमोड न करता त्याच्या गळी कशी उतरवावी, या विवंचनेपासूनच मार्गदर्शकाच्या कामाला आरंभ होतो.

मी एवढेच विचारतो, ‘‘जिन्नस कोणता?’’ राष्ट्राराष्ट्रांच्या संबंधांवर चिंतन करावयास निघालेल्या विद्यार्थ्याला हा आडत्याच्या तोंडी शोभणारा प्रश्न ऐकून किंचित अपमान झाल्यासारखे वाटते. मग मी त्याला युरोपाकडे नेतो, कारण ज्या युरोपाचे उदाहरण देऊन तो सार्कला नापास करीत असतो, त्या युरोपाने स्वतः आरंभ केला तो अवघ्या दोन जिनसांनी. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी जी घोषणा केली आणि जिचा मसुदा पडद्यामागे राहून झाँ मोने यांनी घडविला होता, तीत दूरच्या ऐक्याचे स्वप्न असले, तरी प्रत्यक्ष हात घालावयाचा होता तो फक्त कोळसा आणि पोलाद यांना; ज्या दोन वस्तूंवाचून युद्धसामग्री निर्माण होत नाही त्यांचे नियंत्रण एका सामाईक अधिकारमंडळाच्या हाती द्यावे, एवढाच तो बेत. १८ एप्रिल १९५१ रोजी सहा राष्ट्रांनी पॅरिसच्या करारावर सह्या केल्या, आणि सर्व मालाला कवेत घेणारा रोमचा करार त्यानंतर, २५ मार्च १९५७ रोजी झाला. ज्या कामास मुरब्बी मुत्सद्द्यांनी दोन जिनसांपासून हात घातला, त्यास विद्यार्थ्याने एका जिनसापासून हात घालण्यात कमीपणा कसला?

योगायोग असा की, त्याच १९५० साली जेकब वायनर यांचा जकातसंघांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि या विषयातील भाबडेपणा त्याने कायमचा संपविला. शेजाऱ्याच्या मालावरील शुल्क उतरविले म्हणजे लाभच होतो, असे नाही, हे वायनर यांचे प्रतिपादन : शुल्क उतरल्यामुळे महागड्या देशी मालाऐवजी शेजाऱ्याचा स्वस्त माल आला तर नवा व्यापार निर्माण झाला, पण जो माल आजवर दूरच्या, खरोखर स्वस्त देशातून येत होता, तोच केवळ सवलतीच्या जोरावर महागड्या शेजाऱ्याकडून येऊ लागला, तर व्यापार फक्त वळला, आणि सरकारचे उत्पन्न बुडाले ते निराळेच. मुंबईच्या मुलांना जकातसंघ समजावून सांगणे पूर्वी सोपे होते. दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा त्यांनी पाहिलेल्या असत, आणि ही नाकी उठून सगळ्या देशाची हद्द तेवढी उरली तर काय होईल, एवढे विचारले की पुरे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, आणि देशाच्या एकात्मतेत पडलेल्या या भरीबरोबर माझे एक हुकमी उदाहरणही गेले. असो.

एका जिनसाच्या आग्रहाचे फळ काय मिळते, ते सांगायचे तर लातूरकडून आलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली पाहिजे. घरी तेलबियांची आडत, त्यामुळे सोयाबीनचा भाव पामतेलाच्या आयातीबरोबर कसा खालीवर होतो हे त्याला उपजतच कळत होते. परंतु प्रबंधात घरच्या धंद्याचे नाव काढणे त्याला कमीपणाचे वाटे. ‘जिन्नस कोणता?’ या प्रश्नाला त्याने बऱ्याच संकोचाने उत्तर दिले, ‘‘सर, डालडा चालेल का?’’ नुसते चालण्यासारखेच नव्हे, तर भारत-श्रीलंका मुक्त व्यापार कराराच्या इतिहासात वनस्पती तुपाइतके बोलके दुसरे प्रकरण क्वचितच सापडेल. हा करार २८ डिसेंबर १९९८ रोजी झाला आणि १ मार्च २००० पासून अमलात आला. श्रीलंकेचा माल म्हणून सवलत मिळावयाची, तर मालाच्या किमतीत निदान ३५ टक्के मूल्यवृद्धी श्रीलंकेत व्हावयास हवी आणि कच्च्या मालाहून पक्क्या मालाचा चार अंकी शुल्कक्रमांक निराळा असावयास हवा, अशी त्यात अट होती. भारतीय कच्चा माल वापरला तर पहिली अट थोडी सैल होई. आता पामतेलाचा क्रमांक १५११, आणि हायड्रोजनची प्रक्रिया केलेल्या तेलांचा १५१६. म्हणजे आग्नेय आशियातून कोलंबोच्या बंदरात उतरलेले पामतेल, जे श्रीलंकेत नावालाही पिकत नाही म्हटले तरी चालेल, कारखान्यात घट्ट झाले की कागदोपत्री श्रीलंकेचे होई, आणि पामतेलावर जबर शुल्क आकारणाऱ्या भारतात बिनशुल्क प्रवेश करी. या कारखान्यांत भांडवल पुष्कळसे भारतीयांचेच होते, हा त्यातला आणखी एक विनोद. येथील उत्पादकांनी गाऱ्हाणी मांडली, वाटाघाटी झाल्या, आणि अखेर वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा पडली.

या मुलाने ते सारे प्रकरण शुल्कपत्रकाच्या दोन ओळींतून उलगडले. कराराच्या प्रास्ताविकात मैत्री, सहकार्य, समान प्रगती हे सर्व आहेच. पण त्या मैत्रीतून कोणाला किती मिळाले हे ठरले ते १५११ आणि १५१६ यांमधल्या अंतरात, हे त्याने दाखवून दिले, आणि तसे करताना वायनर यांचा सिद्धान्त त्याला पाठ करावा लागला नाही.

आकडेमोडीविषयीही चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण विद्यार्थ्यांची खरी कसोटी तेथेच लागते. आपल्याकडील परदेशी व्यापाराची आकडेवारी कोलकात्याचे वाणिज्यिक आसूचना व सांख्यिकी महानिदेशालय संकलित करते. शेजारी देशांची दप्तरे स्वतंत्र. एका देशाने नोंदविलेली निर्यात आणि दुसऱ्याने नोंदविलेली तीच आयात समोरासमोर ठेवली, की नवशिका विद्यार्थी धास्तावतो, कारण दोन्ही रकमा जुळत नाहीत. त्या जुळावयाच्याही नसतात. निर्यातीची किंमत बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतची, तर आयातीच्या किमतीत वाहतूक आणि विमाही धरलेला. शिवाय भारतातून निघालेला माल दुबईमार्गे कराचीला पोचला, तर त्याची रुजुवात कोठे घालावयाची? अशा वेळी घाबरा विद्यार्थी दोहोंपैकी सोयीचा आकडा उचलून दुसरा दडवितो, आणि चांगला विद्यार्थी त्या तफावतीलाच प्रश्न करतो. पुष्कळदा प्रबंधाचे सर्वांत उत्तम प्रकरण या न जुळणाऱ्या बेरजेतूनच निघालेले मी पाहिले आहे.

सरहद्दीपर्यंत जाऊन येणारे विद्यार्थी विरळा. नोव्हेंबर २०११ मध्ये भारताने सार्कमधील अल्पविकसित देशांसाठीची आपली संवेदनशील यादी ४८० वस्तूंवरून २५ वर आणली. दारू-तंबाखूसारखे पदार्थ वगळता बांगलादेशच्या जवळजवळ सर्व मालाला भारताचे दार शुल्काविना उघडले. मग व्यापाराची गती मंद का, हा प्रश्न घेऊन एक विद्यार्थिनी पेट्रापोलच्या नाक्यावर गेली. बनगावच्या वाहनतळांत दिवसेंदिवस थांबणाऱ्या मालमोटारी, पलीकडे बेनापोलला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढविला जाणारा माल, तपासणीसाठी दूरच्या प्रयोगशाळेत जाणारे नमुने, हे सर्व तिने चालकांच्या तोंडून टिपून आणले. शुल्काचा दर शून्य आणि वाट पाहण्याचा खर्च मात्र कोणत्याच पत्रकात नाही, हे तिच्या प्रबंधाचे सार. आणि २०१६ साली तेथे झालेल्या एकात्मिक तपासणी नाक्याने या खर्चात नेमका किती फरक पाडला, हा तिने खुला ठेवलेला प्रश्न मला तिच्या निष्कर्षाहूनही मोलाचा वाटतो.

विद्यार्थी इतका तयार झाला की मार्गदर्शकाची परीक्षा सुरू होते, कारण मग तो आपल्याला न पटणारे निष्कर्ष काढू लागतो. या बाबतीत मला नेहमी लंडनच्या प्राध्यापक एडविन कॅनन यांचे स्मरण होते. त्यांच्या हाताखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर जो प्रबंध सिद्ध केला, त्यात हिंदुस्थानच्या सुवर्ण-विनिमय पद्धतीवर कडक टीका होती, आणि त्या पद्धतीची तरफदारी करणाऱ्या केन्स यांच्याशीही उघड मतभेद होता. १९२३ साली तो ग्रंथरूपाने निघाला तेव्हा कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपणास मान्य नाहीत हे तीत निःसंकोच नमूद करून त्याच्या विचारांतील ताजेपणाचे कौतुक केले. शिष्याचे मत खोडून काढण्याचा अधिकार हाती असताना त्यांनी तो वापरला नाही, याहून अधिक चांगला वस्तुपाठ आमच्या व्यवसायात मला ठाऊक नाही.

जाता जाता बाह्य परीक्षकांना एक विनंती. प्रबंध हाती आला की आपण सारेच सवयीने अखेरचे प्रकरण उघडतो, आणि तेथे सार्कच्या भवितव्यावर भरदार विधान न दिसल्यास गुण कापतो. ते प्रकरण जरा बाजूला ठेवावे आणि वाचनास परिशिष्टापासून आरंभ करावा. शुल्कक्रमांक, न जुळलेल्या रकमा आणि मालमोटारींच्या चालकांनी सांगितलेल्या वेळा मुलांनी तेथे नोंदवून ठेवलेल्या असतात.