आजोबांचं जुनं स्पेलिंग

दिवाळीत गोंदियाला घरी गेले, तेव्हा माळ्यावरच्या पेटीत आजोबांची वही सापडली. १९५१ ची. धानाचा हिशेब, उधाऱ्या, मधूनच एखादी ओळ घरातली. पुण्याला परतताना महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये वेळच वेळ असतो. लॅपटॉप उघडला आणि टाइप करायला बसले. फॅमिली ग्रुपवर पीडीएफ टाकायची आणि सगळ्यांची वाहवा मिळवायची, एवढाच प्लॅन.

आजोबा लिहायचे ते असं : केलें, दिलें, नाहीं, करूं. जिथे तिथे डोक्यावर टिंब. आता मी पोटापाण्यासाठी लोकांची कॉपी सुधारून देते. हात थांबतोय थोडाच! अकोला येईपर्यंत सगळी टिंबं उडवली होती.

एका पानावर एवढंच होतं : 'पहाटे गेलें.' त्याचं 'पहाटे गेले' झालं. कोण गेले? मान देऊन लिहिलंय, म्हणजे पणजोबाच असणार. सोबत जोडलेल्या फॅमिली ट्रीमध्ये त्यांच्या नावापुढे १९५१ टाकून मी मोकळी.

गंमत बघा. कॉलेजात जुन्या इंग्रजी पुस्तकात 'शो' हे क्रियापद ओ ऐवजी ई घालून दिसलं, एस-एच-ई-डब्ल्यू, की आम्ही हरखून जायचो. जेन ऑस्टिन 'चूज' लिहायची ते सी-एच-यू-एस-ई असं. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेतही 'चूज' असंच आहे आणि ते कुणी दुरुस्त करायला गेलेलं नाही. बर्नार्ड शॉ तर विसाव्या शतकातही ई वालाच 'शो' लिहीत राहिला. त्याला आपण व्हिंटेज म्हणतो. आजोबांचं मात्र अशुद्ध!

खरं तर आजोबांनी लिहिलं तेव्हा तेच शुद्ध होतं. तेव्हा गोंदियासुद्धा मध्य प्रदेशात होतं. ते १९५६ ला मुंबई राज्यात आलं, १९६० ला महाराष्ट्रात आणि १९९९ ला भंडाऱ्यातून फुटून स्वतःच्या जिल्ह्यात. आजोबा जागेवरच. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले १९६२ मध्ये, आणखी चार १९७२ मध्ये. उच्चारात न येणारे अनुस्वार त्यात गेले. शाळकरी पोरांची सुटका झाली, मान्य. पण ते टिंब शोभेचं नव्हतं. 'आंबे आणले' ला टिंब नाही, 'दूध आणलें' ला आहे, कारण दूध नपुंसकलिंगी, एकवचनी. आता नियमाप्रमाणे दोन्हीकडे 'आणले'. बोलताना आपण 'दूध आणलं' म्हणतो आणि तसंच लिहिलं की टिंब हळूच परत येतं.

हे सगळं मी शोधलं ते नंतर. आत्याचा फोन आल्यावर.

"काऊन गं, पणजोबाले तू १९५१ मध्येच मारलं का? माह्या लग्नात होते ते!"

मी हसत हसत वहीचा फोटो उघडला आणि गप्प झाले. टिंब होतं. चांगलं ठसठशीत. 'गेले' नव्हतंच ते. गेलं. कोण गेलं?

"आत्या, तुझ्याआधी कुणी होतं का गं?"

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"बाळ होतं. आठ दिवसाचं. आई कधी बोलली नाही, माले मोठ्या मावशीनं सांगतलं. तुले कोणं सांगतलं?"

काय उत्तर देणार? बाबांना तर यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं, तर ते चष्मा लावून त्या पानाकडे बघत बसले, असं आईने कळवलं.

त्या रात्री जागून मी सगळी टिंबं परत टाकली. करूं, नाहीं, दिलें, एकेक. पणजोबांचं १९५१ खोडलं आणि आत्याच्या आधी एक चौकट काढली. तिच्यात नाव नाही. मुलगा होता की मुलगी, हे आत्यालाही ठाऊक नाही आणि टिंबावरून ते कळत नाही.