उजाडल्यावर

आमच्या महाविद्यालयात सायकलवर येणारे विद्यार्थी दोन प्रकारचे आहेत. एक, ज्यांना बसच्या पासाचे पैसे वाचवायचे असतात. आणि दुसरे, ज्यांच्या सायकलीची किंमत ऐकल्यावर पहिल्या प्रकारातल्याने आपली सायकल जरा लांबच लावावी. मी पहिल्या प्रकारातला. माझी सायकल काळी, २२ इंची, बिनगिअरची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. तरीही गेल्या वर्षी दुसऱ्या प्रकारातल्या चौघांनी मला आपल्यात घेतले. कारण सरळ होते. त्यांना कोल्हापूर-राधानगरी-दाजीपूर-फोंडा हा रस्ता सायकलवर करायचा होता, आणि मी 'तिकडचा' होतो.

'तिकडचा' म्हणजे नेमका कुठला, हे मात्र मी कधी सांगितले नव्हते. राधानगरीचा, एवढेच म्हणत असे. खरे म्हणजे आमची वाडी राधानगरीच्या पुढे, दाजीपूरच्या रस्त्याला वरच्या अंगाला आहे. वडील काय करतात असे विचारले की मी म्हणायचो, "डेअरीत असतात." हे पूर्ण खोटे नव्हते. आबा रोज सकाळी सायकलला दोन बाजूंना दोन कॅन अडकवून वाडीवरचे दूध संकलन केंद्रावर नेतात. म्हणजे घटकाभर डेअरीत असतातच.

ठरल्याप्रमाणे डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही पाच जण निघालो. कोल्हापूर ते राधानगरी हे अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. हळदी, परिते अशी गावे लागतात. रस्ता अवघड नाही, पण ऊसतोडीच्या दिवसांत तो सायकलवाल्याचा राहत नाही. पुढ्यात ट्रॉली, मागे ट्रॉली आणि ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेली गाणी. मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा वास येतो, तेवढाच काय तो दिलासा. चढावर माझे मित्र गिअर बदलत सुळ्ळकन पुढे जात. मी उभा राहून पॅडल मारी. संध्याकाळी राधानगरीत मुक्काम केला.

राधानगरीचा इतिहास आम्ही शाळेत पाठ केलेला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले. महाराज १९२२ साली गेले, धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला पोचले की आपोआप उघडतात. पावसाळ्यात "पहिला दरवाजा उघडला" ही आमच्याकडे बातमी असते. मागचे रान पूर्वी संस्थानाचे शिकारीचे रान होते. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झाले, ते महाराष्ट्रातले पहिले. १९८५ मध्ये ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य केले, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत त्याचे नाव आले. रात्री लॉजच्या खोलीत मी हे सगळे मित्रांना ऐकवले. त्यांनी कौतुकाने ऐकले. जे सांगायला हवे होते, ते मात्र मी सांगितले नाही.

गवा दिवसा सहसा रस्त्यावर दिसत नाही. तिन्हीसांजेला तो गवताला, पाण्याला बाहेर पडतो आणि उजाडेपर्यंत त्याची ये-जा चालते. हजार किलोपर्यंत वाढणारे हे जनावर अंगाने काळे असते. अंधारात रस्ता आणि तो यांत फरक कळत नाही. म्हणून आबा चांगले उजाडल्याशिवाय वाडीवरून निघत नाहीत. केंद्रावर पोचायला उशीर होतो, तिथला माणूस रोज कुरकुरतो, तरी निघत नाहीत. लहानपणी मी विचारले होते, "आबा, तुमी लवकर का जात न्हाई?" तर म्हणाले, "त्येंची वाट हाय ती. त्येंनला आदी जाऊ दे, मग आपुन."

मित्रांचा बेत पहाटे सव्वापाचला निघायचा होता. दाजीपूरपर्यंतचे सुमारे ३० किलोमीटर उन्हाच्या आत उरकायचे, मग फोंडा घाट उतरून कोकणात नाश्ता. आतल्या जंगलात, सावराई सड्याकडे, परवानगीशिवाय जाता येत नाही. पण आम्हाला डांबरी रस्त्यानेच जायचे होते आणि त्याला कोणाची आडकाठी नव्हती. मी म्हणालो, "जरा उजाडल्यावर निघू या का?" एक जण हसून म्हणाला, "झोप येते काय रे?" बाकीचेही हसले. मीही हसलो. तिथेच विषय संपला. पुढे बोलायचे तर मला हे कसे ठाऊक, ते सांगावे लागले असते. मग डेअरी निघाली असती, सायकल निघाली असती, कॅन निघाले असते.

पहाटे थंडी कडाक्याची होती. झाडांच्या फटींतून लक्ष्मी तलावाचे धुके रस्त्यावर येत होते. आमचा म्होरक्या सर्वांत पुढे, मी तिसरा. एक चढ संपून रस्ता थोडा उतरतो आणि डावीकडे वळतो. त्या वळणावर त्याच्या दिव्याच्या झोतात आधी दिसले ते चार पांढरे पाय. वर काहीच नाही, नुसता काळोख. गव्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे असतात. मग एक जोरदार फुरफुर ऐकू आली, ब्रेकचा आवाज झाला आणि सायकल घसरत गेली. गवा, खरे तर एक मादी आणि तिच्यामागे वासरू, क्षणभर तशीच उभी राहिली आणि चढावरच्या झाडीत गेली. किती हलकेच गेली! एवढे धूड, पण वाळक्या पानांचा आवाजसुद्धा बेताचाच.

म्होरक्याचा डावा खांदा खाली आला होता. हासळीचे हाड मोडले होते, हे पुढे दवाखान्यात कळले. तेव्हा कळत होते ते एवढेच, की त्याला हात हलवता येत नव्हता आणि तो ओठ चावून रडू आवरत होता. फोनला रेंज नव्हती. झाडीत कळपाची चाहूल अजून होती. त्या अंधारात मागे जायला कोणी धजेना. एक ट्रक आला, थांबला नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. तो तासभर माझ्याने विसरवणार नाही. ते तिघे आपापसांत म्हणत होते, "कोणाला माहीत होते इथे गवे येतात म्हणून?" मी बॅटरी धरून गप्प बसलो होतो.

उजाडले. थोड्या वेळाने समोरून कॅनचा ओळखीचा खडखडाट आला. आबा होते. डोक्याला मफलर, अंगात माझाच जुना स्वेटर. आम्हाला पाहून ते उतरले. काहीही न विचारता त्यांनी मफलर सोडला, म्होरक्याचा हात छातीशी दुमडून गळ्यात बांधला. मग रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. कोकणातून मासळी घेऊन येणाऱ्या टेम्पोला त्यांनी हात केला. ड्रायव्हर ओळखीचा होता. म्होरक्याला पुढे बसवले, एक जण बर्फाच्या खोक्यांमध्ये दाटीवाटीने बसला. टेम्पो गेला.

मग आबांनी माझ्याकडे पाहिले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू हुतास न्हवं ह्येंच्या संगं?"

मला उत्तर देता आले नाही. बाजूला उभ्या असलेल्या मित्राने हळूच विचारले, "हे कोण?"

"माझे वडील," मी म्हणालो. "हेच डेअरीत असतात."

परतताना मी त्या दोघांना सगळे सांगितले, आणि सोमवारी दवाखान्यात म्होरक्यालाही. तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला. म्हणाला, "मी हसलो नसतो तर सांगितलं असतंस?" मी म्हणालो, माहीत नाही. आजही माहीत नाही. त्या दिवशी केंद्र बंद झाल्यावर आबा पोचले आणि दूध परत आले, हे मला आईकडून नंतर समजले. तिने त्याचे दही लावले होते.

मार्चमध्ये त्याचा खांदा बरा झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मुक्काम आमच्या वाडीवर केला. आईने नाचणीची भाकरी आणि पिठले केले. गिअरवाल्या सायकली गोठ्याच्या भिंतीला टेकल्या. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर दाजीपूर ओलांडून फोंडा घाट उतरलो. एकेका वळणावर हवा गरम होत जाते आणि कोकण खाली उलगडत जाते. ब्रेक दाबून बोटे वळतात, मध्ये थांबून चाकाची रिम निववावी लागते. वर येताना मी निम्मा घाट सायकल हातात धरून चाललो. मित्र वरच्या वळणावर थांबून माझी वाट पाहत होते.

तिसऱ्या दिवशी परत कोल्हापूर. आबांना केंद्रावर जायचे होतेच, म्हणून त्यांच्या मागोमाग निघालो. उजाडले होते, तरी त्या वळणाच्या अलीकडे आबा उतरले. दोनदा घंटी वाजवली आणि ऐकत उभे राहिले. त्यांच्यामागे म्होरक्या एक पाय जमिनीला टेकून, त्याच्यामागे आम्ही. डांबरावर घसरल्याची खूण शोधली, ती राहिली नव्हती. वर झाडीत काहीतरी हलले आणि थांबले.

"गेली न्हाईत अजून," आबा म्हणाले. कॅन हलू नयेत म्हणून त्यांनी सायकल कमरेला टेकवली. आम्ही थांबलो.